सुताशिवाय कापड

कापड म्हटले की मागावरचे उभे आणि आडवे धागे, म्हणजे ताणा आणि बाणा, गृहीतच धरले जातात. परंतु डॉक्टरांचा मास्क, बाळाचे डायपर आणि रस्त्याच्या भरावाखाली अंथरले जाणारे जिओटेक्स्टाइल यांत बहुधा सूतही नसते आणि वीणही नसते. तंतूंचा सुटा थर पसरायचा आणि तो जागच्या जागी जखडायचा, एवढ्या दोनच क्रियांवर हे ‘नॉनवोव्हन’ कापड उभे असते, आणि खरी कसोटी लागते ती दुसऱ्या क्रियेत.

आखूड तंतू कार्डिंग यंत्राच्या दातेरी रुळांवर पिंजले जातात. त्यातून निघणारा पापुद्रा इतका विरळ असतो की त्यातून आरपार दिसते, म्हणून असे अनेक पापुद्रे एकावर एक रचावे लागतात. तरीही चिमटीत धरून ओढले तर तंतू सहज सुटून येतात. जिओटेक्स्टाइलसाठी हा थर सुयांच्या फळीखाली नेतात. या सुयांत दोरा ओवलेला नसतो; सुईच्या कडांवरच्या बारीक खाचा वरचे तंतू पकडून खाली ओढतात, सुई वर येते तेव्हा ते खालीच राहतात, आणि मिनिटाला शेकडो वेळा होणाऱ्या या टोचणीने थर आपल्याच तंतूंनी जखडला जातो. वेट वाइप्ससाठी हेच काम अतिदाबाच्या बारीक जलधारा करतात.

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाबतीत तंतू वेगळे आणावेच लागत नाहीत. सुमारे 160 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या त्याच्या दाण्यांचा रस सूक्ष्म छिद्रांतून दाबला जातो, हवेने ताणलेले अखंड तंतू सरकत्या जाळीवर पडतात, आणि तापलेल्या नक्षीदार रुळांखाली ठिकठिकाणी वितळून एकमेकांना चिकटतात. अशा कापडाच्या पिशवीवर दिसणारे ठिपके ही शोभा नव्हे, त्या चिकटण्याच्या खुणा होत. ही स्पनबाँड पद्धत. छिद्रातून निघणाऱ्या रसावरच तप्त हवेचा वेगवान झोत सोडला, तर तंतू मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढे बारीक होतात. या मेल्टब्लोन पद्धतीचे आरंभीचे काम 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत झाले, आणि हेतू होता वातावरणातील किरणोत्सारी कण गाळून गोळा करण्याचा. आज मास्कचा मधला थर असाच बनतो; त्याला दिलेला विद्युतभार कण खेचून घेतो, आणि साबणाने धुतल्यावर तो क्षीण होतो.

स्पनबाँडची पिशवी हाताला कापडासारखी लागली तरी ती प्लास्टिकच. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत तिचाही समावेश होता तो यामुळेच; केंद्राच्या नियमांनीही 30 सप्टेंबर 2021 पासून चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट तिला घातली आहे.