पहिली कादंबरी आणि नव्या लेखकाची भीति

पहिलीं वीस-पंचवीस पानें लिहून झालीं म्हणजे नव्या कादंबरीकाराची लेखणी बहुधा अडते. कथानक सुचत नाहीं म्हणून नव्हे. दोन शंका मनांत घर करतात म्हणून. आपलें लेखन बऱ्या प्रतीचें आहे काय, ही एक. आणि हें सारें पूर्वीं कोणीतरी लिहिलेलेंच नाहीं ना, ही दुसरी. पुष्कळ हस्तलिखितें याच ठिकाणीं पेटींत पडतात, तीं पुन्हा बाहेर निघत नाहींत.

अशा लेखकानें हरि नारायण आपटे यांचा आरंभ पाहावा. १८६४ सालीं जन्मलेल्या हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ही १८८५ सालची. तिला आधार होता रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या लंडनवरील कादंबरीचा. म्हणजे मराठी सामाजिक कादंबरीचा पाया ज्यांनीं घातला, त्यांचें पहिलें पाऊल परक्याचें बोट धरून पडलें! परंतु त्या उसन्या सांगाड्यांत त्यांनीं भरलें तें, नांवच सांगतें त्याप्रमाणें, जुनें सुटत चाललेलें व नवें अंगवळणीं न पडलेलें आपल्या भोंवतालचें जीवन.

पुढें १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक निघालें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ येऊं लागली. यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगते: माहेर, सासर, पतीच्या सहवासांतले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य, केशवपन. यांतली एकहि घटना नवलाची नव्हती; वाचणाऱ्यांच्या घरांतूनहि ती घडत होती. विषयहि अगदीं नवा नव्हता. बाबा पदमनजींनीं विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालींच लिहिलें होतें. नायिकेचें नांवसुद्धां जवळपास तेंच! तरी हरिभाऊंवर कोणी उसनवारीचा आळ घेत नाहीं. राजपुत्र आणि अद्भुत योगायोग यांना सरावलेल्या वाचकाला नवें वाटलें तें हें कीं, माजघरांतल्या बाईचें बोलणें तिच्याच शब्दांत, तिच्याच लकबीनें, छापून येत होतें.

प्रतीविषयींची शंका अधिक चिवट. दर आठवड्याला मजकूर पुरवावयाचा म्हटल्यावर घासूनपुसून लिहिण्यास सवड कोठून मिळणार? हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे. कांहीं तर अपुऱ्याच राहिल्या. यमूची गोष्ट तरीहि वाचली जाते. पाल्हाळ हा गुण, असा याचा अर्थ नव्हे. आजच्या लेखकामागें साप्ताहिकाचा तगादा नसतो. त्यानें मसुदा पुरा करून मग खुशाल कात्री चालवावी. मात्र तोंवर पहिलें प्रकरण चारचारदां लिहीत बसूं नये. शेवट हातीं आल्याशिवाय आरंभांत काय जास्त झालें हें कळत नाहीं.

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोर आहे. तेथें बसून लिहिणाऱ्याला वाटावें, येथें कादंबरीजोगें काय घडतें? शहर शेतांच्या बांधापर्यंत येऊन भिडलेलें. त्यापाठोपाठ वाटण्या, जमिनीचे भाव, भावाभावांतला अबोला. हरिभाऊंनीं आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ असेंच नांव दिलें होतें. विकलेल्या शेताच्या कडेनें रोज कामाला जाणारी बाई वाटेंत शेजारणीशीं काय बोलते, हें त्या लेखकानें ऐकलेलें असतें. लंडनच्या रेनॉल्ड्सनें तें ऐकलेलें नव्हतें, आणि हरिभाऊंनींहि नाहीं.