अध्यक्षाची खुर्ची आणि ठेवीदाराचा रुपया

कामगार चळवळीतल्या माणसाने मालकांच्या पुढाऱ्यावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण ज्यांच्याशी वाटाघाटीत जन्मभर गाठ पडायची, ती माणसे घडतात कशी, हे आम्हांस ठाऊक नको काय? म्हणून आज सर होमी मोदी यांची कारकीर्द आम्ही विचारासाठी घेतली आहे.

मोदी १८८१ साली जन्मले. पेशाने वकील. मुंबई महापालिकेत ते १९१३ साली शिरले आणि १९२३-२४ साली तिचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात, १९२१ साली, फिरोजशहा मेहतांचे चरित्र त्यांनी लिहिले. गिरणीमालक संघाचे ते १९२७ साली आणि पुन्हा १९२९ पासून काही वर्षे अध्यक्ष होते. मधल्या १९२८ साली मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना त्या लढ्याच्या कारणांपैकी एक होती. पुढे १९३३ साली मोदींनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी करार केला. जपानी कापडापेक्षा ब्रिटिश कापडावर जकात कमी असावी, असा त्याचा आशय. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी त्यावर कडाडून टीका केली.

एवढ्यावरून माणूस निकालात काढणे सोपे आहे. पण न्यायाचे नव्हे. १९४१ साली मोदी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण चालू असता बापूजी अणे, नलिनीरंजन सरकार व मोदी या तिघांनी राजीनामे दिले. टाटा सन्सचे ते १९३९ ते १९५९ या काळात संचालक होते. १९४९ ते १९५२ उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते.

आता बँकेकडे वळू. सेंट्रल बँक सोराबजी पोचखानवाला यांनी १९११ साली काढली. तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा मेहता. त्याच खुर्चीवर कालांतराने त्यांचे चरित्रकार मोदी बसले. या खुर्चीचे बळ कशात असते?

एक साधा हिशेब मांडू. समजा, भागधारकांनी बँकेत एक रुपया घातला आणि ठेवीदारांनी वीस. कर्जे दिली जातात ती मुख्यतः या वीस रुपयांतून. संचालक निवडण्याचे मत मात्र एका रुपयाच्या धन्याला, वीसवाल्याला नाही. त्यातून बँकेचे संचालक बहुधा गिरण्यांचे, कारखान्यांचेही संचालक. कर्ज मागणारा आणि देणारा एकाच पंक्तीला बसू लागला की शेतकऱ्याच्या अन् छोट्या कारागिराच्या पानात काय पडणार? मोदींनी गैर काही केले, असे आम्ही सुचवीत नाही. दोष त्या रचनेचा होता. सज्जन माणूस बसवल्याने तो जात नाही.

सरकारलाही हे पटले. १९६८ च्या कायद्याने बँकांवर ‘सामाजिक नियंत्रण’ आणले. तो १ फेब्रुवारी १९६९ पासून अमलात आला. अध्यक्ष पूर्णवेळ आणि बँकव्यवसायात मुरलेला असावा, संचालकांच्या संस्थांना कर्जे देऊ नयेत, अशी बंधने आली. म्हणजे उद्योगपतीने फावल्या वेळी बँकेचे अध्यक्षपद भूषवावे, हा जमाना संपला. पुढच्याच महिन्यात मोदी वारले. आणि १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सेंट्रल बँक त्यांत होती.

मग ठेवीदार धनी झाला काय? १९७० च्या कायद्याने कामगारांच्या प्रतिनिधीला संचालक मंडळात जागा दिली. पण कायद्यात खुर्ची असणे निराळे आणि तिच्यावर जाणता माणूस बसणे निराळे. आमची शाळा लवकर सुटली. ताळेबंद वाचायला आम्ही शिकलो ते बोनसच्या तंट्यात. मालकाच्या वकिलाने कागद पुढे सरकवला, आणि त्यातला नफा कुठे दडला आहे ते आम्हांला दाखवता येईना. त्या दिवशी आमच्या माणसांचा बोनस बुडाला. ती लाज आम्ही विसरलो नाही. रात्री जागून आकडे शिकलो.

मोदी महापालिका, कायदेमंडळ, गिरण्या आणि बँक अशा चारही ठिकाणी वावरले, ते कागद वाचता येत होता म्हणूनही. श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचे बँकेत खाते आहे. त्या बँकेचा वार्षिक ताळेबंद एकदा तरी हाती घेऊन बसा. आपला रुपया कोणाच्या दारी गेला, हे विचारण्याचा हक्क, तो कागद समजला म्हणजेच, बजावता येतो.