पैसे घ्यायला पिन लागत नाही

जुना फ्रिज किंवा मुलाची सायकल विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली की कधी कधी काही मिनिटांतच फोन येतो. समोरचा भाव पाडून मागत नाही, वस्तू बघायलाही येत नाही. लष्करात आहे, बदली झालीय, टेम्पो पाठवतो, पैसे आत्ताच देतो, असं तो सांगतो. जवानावर कोण संशय घेणार? म्हणून तर ही बतावणी. ऑनलाइन व्यवहारात फसतो तो घेणारा, विकणाऱ्याला कसली भीती, असं मानणाऱ्यांना नेमकं इथेच गाठलं जातं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जमा होतात’. क्यूआर कोडमध्ये पैसे कोणाला जायचे त्याचा यूपीआय पत्ता असतो, कधी रक्कमही आधीच भरलेली असते. जो स्कॅन करतो तो देणारा. भाजीवाल्याच्या गाडीवरचा कोड आपण स्कॅन करतो आणि पैसे आपल्या खात्यातून जातात, हे रोज करूनही समोरच्याने ‘ॲडव्हान्स पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका’ असं घाईत सांगितलं की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. विश्वास बसावा म्हणून भामटा आधी दोन-पाच रुपये खरोखर पाठवतोही. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीही लागत नाही. पिनचा चौकोन उघडला की तिथेच थांबावं, फोनवरचा माणूस कितीही घाई करो.

‘पैशांची मागणी पाठवून लुबाडणं आता बंद झालंय’ हेही ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, आणि चांगलं केलं. पण क्यूआर कोड आहेत, फोनचा पडदा दुसऱ्याच्या हाती देणारी ॲप आहेत. त्यांतल्या एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो बनवता येतो. जमा झाल्याचा एसएमएसही खोटा असू शकतो. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ हा फोन याच खोट्या एसएमएसच्या आधाराने येतो. आपल्या बँकेचं ॲप स्वतः उघडून जमा दिसल्याशिवाय वस्तू टेम्पोत चढवू नये.

‘संकेतस्थळ भरपाई देईल’ या भरवशाचंही तसंच. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत बहुतेकदा पैशांचा व्यवहार संकेतस्थळाबाहेर होतो, मग ते कशाची हमी घेणार? परदेशात ऑनलाइन विकणाऱ्या मराठी मंडळींना पेपॲलचं विक्रेता-संरक्षण ठाऊक असतं, पण त्याला अटी आहेत: वस्तू व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावरच गेली पाहिजे, पोच हवी. ‘भाच्याच्या पत्त्यावर पाठवा’ म्हणणाऱ्या ग्राहकाचं ऐकलं की ते संरक्षण जातं. शिवाय ग्राहक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, म्हणून पावत्या तोवर जपाव्यात.

बँक पैसे परत देईल का? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाचा आणि बँकेचाही दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास ग्राहकावर भार येत नाही, असं ठरवलं. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पिन स्वतः टाकलेला असला की बँका यावरच बोट ठेवतात. हे मला कठोर वाटतं, कारण फसवून टाकवून घेतलेला पिन आणि बेफिकिरी एकच नव्हेत.

म्हणून ‘आता काही होणार नाही’ असं मानून गप्प बसणं मात्र चूकच. घरचे काय म्हणतील या लाजेपोटी लोक दोन दिवस घालवतात आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून काढले जातात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवले जाण्याची शक्यता असते. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव समोर ठेवावं. त्या माणसाचे मेसेज पुसून टाकू नयेत.