जकातीचा भार कोणाच्या शिरी?

२३ जुलै २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या अंदाजपत्रकात मोबाइलवरील मूळ आयात-जकात २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणण्यात आली. ही वार्ता वृत्तपत्रांत झळकली आणि आमच्या सभासदांपैकी जे या मालाचे किरकोळ विक्रेते आहेत, त्यांच्या पेढीवर एकच पृच्छा सुरू झाली: जकात उतरली, मग भाव का उतरला नाही? पुष्कळ गिऱ्हाइकांच्या मनात असा संशय राहिला की, उतरलेली जकात दुकानदाराने आपल्या गल्ल्यात टाकली. व्यापाऱ्याची पत हेच त्याचे खरे भांडवल असल्यामुळे हा संशय दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून जकात गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, आणि केव्हा पोहोचत नाही, याचे थोडे विवरण येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हिशेब पाहू. बंदरात उतरलेल्या एका मोबाइलचे जकातीसाठी धरलेले मूल्य १०,००० रुपये आहे असे समजा. जुन्या दराने त्यावर २,००० रुपये जकात, त्या जकातीवर दहा टक्के म्हणजे २०० रुपये समाजकल्याण अधिभार, आणि या सर्व बेरजेवर, म्हणजे १२,२०० रुपयांवर, १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २,१९६ रुपये. एकूण १४,३९६ रुपये. नव्या दराने जकात १,५००, अधिभार १५०, कर २,०९७, आणि एकूण १३,७४७ रुपये. जकात उतरली पाचशे रुपयांनी. पण गिऱ्हाइकापर्यंत जाणारा फरक ६४९ रुपयांचा होतो, कारण जकातीवर अधिभार बसतो आणि त्या दोहोंवर पुन्हा कर बसतो. शिवाय वस्तू व सेवा कराची वजावट व्यापाऱ्यास पुढे मिळते. जकातीची मिळत नाही. ती किमतीत मुरते, आणि घाऊक व किरकोळ नफा शेकडेवारीने आकारला जात असेल तर तो नफाही जकातीवर चढतो. जकात चढताना जसा हा गुणाकार होतो तसाच उतरतानाही व्हावयास हवा. मग तो झाला का नाही?

याचे उत्तर असे की, तो झाला. परंतु फार थोड्या मालावर. सरकारच्या सांगण्याप्रमाणे देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलपैकी जवळजवळ ९९ टक्के संच आता येथेच जोडले जातात. जो माल बंदरातून आलाच नाही, त्याच्यावर तयार मालाची जकात भरलेली नव्हती, आणि जे भरले नाही ते उतरणार कोठून? त्या वेळी अ‍ॅपल कंपनीने केलेला भावबदल या दृष्टीने बोलका आहे. त्या कंपनीचे बाहेरून येणारे महाग संच ५,१०० ते ६,००० रुपयांनी उतरले. येथे तयार होणारे संच अवघ्या ३०० रुपयांनी. एकाच दुकानात, एकाच कपाटात ठेवलेल्या दोन वस्तूंचा असा निरनिराळा न्याय गिऱ्हाइकास समजावून सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो.

परंतु येथेच या विषयातील खरी गाठ आहे. देशी माल जकात भरत नाही, म्हणून जकातीचा त्याच्या भावाशी संबंध नाही, असे मानणे बरोबर होणार नाही. परदेशी माल जकातीमुळे महाग झाला की देशी कारखानदारास तेवढे वर सरकण्यास अवकाश मिळतो. मग गिऱ्हाईक जादा पैसे मोजते ते सरकारी तिजोरीत न जाता कारखानदाराकडे जातात. जकातीचा हा भाग कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. देशी कारखानदारांत आपसांत चुरस असेल तर हा अवकाश ते वापरू शकत नाहीत. चुरस नसेल तर पुरेपूर वापरतात.

या गोष्टीचा उत्तम पुरावा अमेरिकेतील कपडे धुण्याच्या यंत्रांच्या व्यापारात सापडतो. ७ फेब्रुवारी २०१८ पासून तेथील सरकारने परदेशी धुलाईयंत्रांवर संरक्षक जकात बसविली. वर्षाच्या पहिल्या बारा लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढील यंत्रांवर ५० टक्के. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील आणि शिकागो विद्यापीठातील अभ्यासकांनी पुढील भाव तपासले. धुलाईयंत्रांचा भाव सुमारे १२ टक्क्यांनी चढला होता, आणि त्यात देशी कंपन्यांची यंत्रेही होती. नवल यापुढचे आहे. कपडे वाळविण्याच्या यंत्रावर एक पैचीही जकात नव्हती, तरी त्याचाही भाव जवळजवळ तितकाच चढला. कारण उघड आहे. तेथील गृहस्थ ही दोन्ही यंत्रे जोडीने घेतात, आणि दोहोंचा भाव सारखा ठेवण्याची तेथे रीत आहे. तेव्हा विक्रेत्यांनी वाढीचा बोजा अर्धा-अर्धा वाटला. अभ्यासकांच्या हिशेबाने गिऱ्हाइकांवर वर्षाकाठी सुमारे दीड अब्ज डॉलरचा भार पडला आणि कारखान्यांत सुमारे १,८०० लोकांना नवे काम मिळाले; म्हणजे दर कामामागे आठ लाख डॉलरहून अधिक खर्च! इतक्या पैशात त्या कामगारांना आयुष्यभराचे निवृत्तिवेतन देता आले असते.

याच व्यापाराचा आधीचा इतिहासही मनोरंजक आहे. २०१२ साली अमेरिकेने दक्षिण कोरिया व मेक्सिको येथून येणाऱ्या यंत्रांवर जकात बसविली, तेव्हा कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये हलविले. पुढे चीनवर बसविली, तेव्हा ते थायलंड व व्हिएतनाम येथे गेले. त्या दोन्ही वेळी भाव म्हणण्यासारखा चढला नाही. एका दारावर पहारा बसला की माल दुसऱ्या दाराने येतो. सर्व दारांवर बसला की मात्र भाव चढतो. सीमाभागातील व्यापाऱ्यास हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. १ जुलै २०१७ पूर्वी दोन राज्यांचे विक्रीकराचे दर निरनिराळे असताना माल कोणत्या बाजूस ओढला जातो, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९६ च्या डिसेंबरात सिंगापूर येथे माहिती-तंत्रज्ञानाच्या मालासंबंधी एक करार झाला आणि १९९७ साली भारताने तो स्वीकारला. संगणक, दूरध्वनी इत्यादी मालावरील जकात शून्यावर आणण्याचे वचन त्यात होते. १९९१-९२ साली जेथे जकातीचा सर्वोच्च दर १५० टक्के होता, त्या देशाने हे वचन द्यावे ही सामान्य गोष्ट नव्हती. परिणामी मोबाइल स्वस्त झाला आणि घराघरांत पोहोचला. पण तो बहुतांशी बाहेरून येऊ लागला. २०१५ साली सरकारने जकातीस हात न लावता दुसरी युक्ती योजिली. येथील कारखानदारास वजावट न घेतल्यास एक टक्का उत्पादन शुल्क, आणि आयात मालावर साडेबारा टक्के समतुल्य शुल्क. या फरकावर जोडणीचे कारखाने उभे राहू लागले. वस्तू व सेवा कर आला त्या दिवशी हा फरक पुसला गेला. आणि म्हणूनच त्याच दिवशी, १ जुलै २०१७ रोजी, मोबाइलवर १० टक्के जकात बसली. डिसेंबरात ती १५ झाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये २०.

तयार मालावर जकात बसविणे सोपे. सुट्या भागांवर किती बसवावी हे अवघड. भागांवरील जकात जास्त आणि तयार मालावरील कमी झाली तर कारखाना चालविणेच वेडेपणाचे ठरते. दूरदर्शन संचाच्या काचेच्या पडद्यावर, म्हणजे ज्याला धंद्यात ओपन सेल म्हणतात त्यावर, २०१८ साली जकात बसली. संचाच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग याच पडद्याचा असतो. आग्नेय आशियातील देशांशी झालेल्या करारान्वये व्हिएतनाममधून तयार संच मात्र जकातीवाचून येत होता. सॅमसंग कंपनीने त्याच वर्षी चेन्नईजवळील कारखान्यात संच जोडणे थांबविले आणि ती व्हिएतनामचा संच येथे विकू लागली. संरक्षणासाठी उभारलेल्या भिंतीने येथलाच कारखानदार बाहेर गेला! सप्टेंबर २०१९ मध्ये ती जकात काढली, ऑक्टोबर २०२० पासून ५ टक्के पुन्हा आली. त्या वेळी सरकारी गोटातून सांगण्यात आले की दर संचामागे १५० ते २५० रुपयांचाच फरक पडेल. कारखानदारांचे आकडे त्याच्या कित्येक पट होते. खरे कोणाचे, हे ज्याच्या त्याच्या पेढीवरील खरेदीची बिलेच सांगू शकतील.

मोबाइलवरील जकातीने परराष्ट्रांशी तंटा उत्पन्न केला. २०१९ साली युरोपीय संघ, जपान व तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली. १९९६ साली आजचे स्मार्टफोन अस्तित्वातच नव्हते, तेव्हा त्यांविषयी वचन दिले असे कसे म्हणता येईल, हा भारताच्या कैफियतीचा एक मुख्य मुद्दा होता. १७ एप्रिल २०२३ रोजी लवादमंडळाने तो अमान्य केला. जपान व युरोपीय संघ यांच्या प्रकरणी भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ अमेरिकेने सदस्य-नेमणुका अडविल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच निष्क्रिय झाले होते. न्यायाधीश नसलेल्या कचेरीत दाखल केलेल्या अर्जासारखी ही स्थिती होय. निकाल विरुद्ध गेला, तरी तो अंमलात आणण्याची वेळ आली नाही. सोयीचे खरे, पण जो आपले वचन असे लोंबकळत ठेवतो त्याला दुसऱ्याच्या वचनभंगाविरुद्ध त्याच कचेरीत दाद मागणे अवघड जाते. आमच्या मते या जकातीची ही किंमत भावफलकावर दिसणाऱ्या किमतीपेक्षा लहान नाही.

मग ही जकात व्यर्थ गेली काय? तसे आम्हांस म्हणवत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हिंदी अर्थकारणाचा जो विचार मांडला, त्यात उद्योगांच्या बाल्यावस्थेत राज्याने पाठीशी उभे राहण्याचे समर्थन होतेच. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील १९२१-२२ च्या जकात-चौकशी मंडळाने त्या विचारास तीन कसोट्या लावल्या: धंद्यास देशात नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून तो वाढणार नाही अशी स्थिती असावी, आणि कालांतराने तो संरक्षणावाचून जगाशी टक्कर देऊ शकावा. मोबाइलच्या धंद्यास तिसरी कसोटी लावून पाहावी. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ साली सुमारे १,५०० कोटी रुपयांची असलेली निर्यात २०२४-२५ साली सुमारे २ लाख कोटींवर गेली. निर्यातीस आपली जकात उपयोगी पडत नाही, तेव्हा ही टक्कर खरीच म्हटली पाहिजे. मात्र २०२० पासून उत्पादनावर ४ ते ६ टक्के अनुदान मिळू लागले, त्याचा वाटा यात मोठा आहे. आणि आतील महत्त्वाचे भाग अजून पुष्कळसे बाहेरूनच येतात.

शिवाय दुसऱ्याची जकातही कामी आली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील नवी जकात १४५ टक्क्यांपर्यंत नेली. ११ एप्रिल रोजी स्मार्टफोन नव्या परस्पर-जकातीतून वगळले गेले, तरी चिनी संचांवर आधीची २० टक्के आकारणी राहिली होती, आणि भारतातून जाणाऱ्या संचांवर ती नव्हती. पुढे २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर तेथे ५० टक्के जकात लागली, तेव्हाही स्मार्टफोन सुटले. हिरे, दागिने, कापड व चामड्याचा माल सापडला. या धंद्यांतील आमच्या बांधवांनी ती झळ सोसली आहे.

शेवटी सभासदांच्या व्यवहारास लागणारी एक गोष्ट. जो माल बाहेरून मागवितो त्याला कोणता दर लागेल, हे मागणीच्या किंवा जहाजात भरणीच्या तारखेवर ठरत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमातील कलम १५ प्रमाणे आयातपत्र सादर केल्याच्या दिवसाचा दर लागतो. ते जहाज येण्यापूर्वीच सादर केले असेल, तर जहाजाच्या प्रवेशनोंदीच्या दिवसाचा. माल जकाती गोदामात ठेवला असेल तर तेथून सोडविण्याचे पत्र ज्या दिवशी दिले, त्या दिवसाचा. म्हणून अंदाजपत्रकाच्या तोंडावर माल गोदामात ठेवावा की सोडवून घ्यावा, याचा विचार जानेवारीतच करावा लागतो. दर उतरण्याची आशा असेल तर गोदामाचे भाडे व व्याज एका पारड्यात घालावे आणि दर हजारामागे पाच टक्क्यांच्या उताराने वाचणारे सुमारे ६५ रुपये दुसऱ्यात.