चार्ल्सकाठची चार जुलै

मुलाकडे अगर मुलीकडे अमेरिकेस जाणारी आपल्याकडील वडीलधारी मंडळी बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास निघतात आणि गणपतीच्या आत परततात. त्यामुळे त्या देशाचा सर्वांत थोर राष्ट्रीय सण, म्हणजे ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, त्यांच्या मुक्कामात आपसूकच सापडतो. त्या दिवशी कोणत्या शहरी असावे असा सल्ला मला कोणी विचारला, तर वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या उभय नगरींचा मान राखूनही मी बॉस्टनचेच नाव घेईन. दारूकाम इतरत्रही होते, कदाचित अधिक खर्चाचेही होत असेल. परंतु नदीकाठच्या हिरवळीवर, एक पैही न मोजता, नामवंत वाद्यवृंदाचे वादन ऐकावयाचे आणि त्या वादनाच्या अखेरीस खऱ्याखुऱ्या तोफांचे बार व चर्चच्या घंटांचा नाद स्वरांत मिसळताना अनुभवावयाचा, हा योग जसा चार्ल्स नदीकाठी जुळून येतो तसा अन्यत्र क्वचितच येत असेल.

या मैफलीचा जनक आर्थर फीडलर. १८९४ साली बॉस्टनमध्येच, एका व्हायोलिनवादकाच्या घरी जन्मलेला हा गृहस्थ बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदात स्वतःही वादक होता. पण बंदिस्त सभागृहातील संगीत तिकीट परवडणाऱ्यांपुरतेच राहावे हे त्याच्या मनाला पटेना, म्हणून वर्गणी गोळा करून आणि शहरातील धनिकांची मने वळवून त्याने ४ जुलै १९२९ रोजी नदीकाठी पहिली विनामूल्य मैफल घडवून आणली. (त्याच साली, नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये, आपले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डची पदवी मिळवून स्वदेशी परतण्याच्या तयारीत होते, त्यांचे वडील धर्मानंद हे तर तेथे बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ शुद्ध करण्याच्या कामी त्याआधीच पोहोचलेले. तेव्हा या नदीशी मराठी माणसाचा ऋणानुबंध अगदीच कालपरवाचा नव्हे.) पुढल्याच वर्षी सिंफनीची जी धाकटी पाती, १८८५ साली स्थापन झालेली ‘बॉस्टन पॉप्स’, तिची सूत्रे फीडलरकडे आली आणि १९७९ साली मृत्यूने सोडविली तोवर ती त्याच्याच हाती राहिली. त्याच्यामागून चित्रपटसंगीतामुळे आपल्याकडेही ठाऊक असलेले जॉन विल्यम्स आले, आणि १९९५ पासून कीथ लॉकहार्ट ती धुरा वाहत आहेत. आज दिसते ते अर्धघुमटाकृती व्यासपीठ, ‘हॅच शेल’, १९४० सालचे. त्यापूर्वी तात्पुरत्या मांडवावर निभावून न्यावे लागे.

दारूकाम मात्र फीडलरच्या मूळ कल्पनेत नव्हते. १९७४ साली डेव्हिड म्यूगर या स्थानिक व्यावसायिकाने ऐंशीच्या घरात पोचलेल्या फीडलरपुढे अशी तजवीज मांडली, की चायकोव्हस्कीची ‘१८१२’ ही रचना वाजवावी आणि तिच्या स्वरलिपीतच ज्या तोफा व घंटा लिहिलेल्या आहेत त्या खऱ्या आणवून वर आकाशात रोषणाईही उडवावी. वस्तुतः या रचनेचा अमेरिकेशी काडीचा संबंध नाही. नेपोलियनच्या स्वारीतून रशिया बचावला त्याच्या स्मरणार्थ १८८० साली ती लिहिली गेली, तिच्यात फ्रेंच राष्ट्रगीत झुंजते आणि झारच्या स्तुतिगीताचा जय होतो. म्हणजे राजसत्ता झुगारून देणाऱ्या प्रजासत्ताकाने आपला वाढदिवस एका सम्राटाच्या विजयगीताने साजरा करावा, अशी ही गंमत आहे. पण लोकांनी ती एकदा आपली म्हटली ती म्हटली. दोनच वर्षांनी, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, या काठावर सुमारे चार लाखांचा समुदाय लोटला आणि अभिजात संगीताच्या मैफलीतील श्रोतृसंख्येचा विक्रम म्हणून त्याची नोंद झाली.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. प्रथमच जाणाऱ्याने आधी स्वतःशी एक निवाडा करावा: आपल्याला संगीत ऐकावयाचे आहे की दारूकाम पाहावयाचे आहे? दोन्ही पदार्थ एकाच ताटात वाढलेले असले तरी ते एकाच पाटावर बसून सारखे चाखता येत नाहीत. हॅच शेलच्या समोरील ‘ओव्हल’ नावाच्या हिरवळीवर जागा मिळाली तर वादकांचे हात दिसतात, संचालकाच्या छडीचा इशारा दिसतो. परंतु दारूकाम सोडणारे तराफे नदीच्या पात्रात पश्चिमेकडे, हार्वर्ड पुलाच्या बाजूस उभे असतात आणि मधली झाडे आकाशाचा बराच तुकडा खातात. उलट पैलतीरी, केंब्रिजच्या मेमोरियल ड्राइव्ह रस्त्याच्या कठड्यापाशी बसल्यास संपूर्ण आकाश आणि त्याचे पाण्यातील प्रतिबिंब अशी दुहेरी कमाई होते. संगीत मात्र ध्वनिक्षेपकांवाटे येणारे. लहान मुले बरोबर असतील, अगर गुडघे कुरकुरत असतील, तर पैलतीर. ज्यांना वाद्यवृंद म्हणजे काय प्रकरण आहे हे आयुष्यात एकदा जवळून पाहावयाचे आहे त्यांनी ओव्हल. मी संगीताच्या बाजूचा आहे. दारूकामाचा बार चित्रवाणीवरही बऱ्यापैकी वठतो. शंभराहून अधिक वर्षांच्या वाद्यवृंदाच्या व्हायोलिनांचा पहिला स्वर सायंकाळच्या वाऱ्यावर येतो तो तसा वठत नाही.

ओव्हलची जागा आधी येणाऱ्यास आधी, या शिरस्त्याने मिळते, आणि तिच्यासाठी लोक सकाळपासून रांग धरतात. दुपारच्या उन्हाची जुलैतील धग आपल्या वैशाखाइतकी नसली तरी टोपी, पाण्याची बाटली आणि अंथरावयास सतरंजी यांवाचून निभाव लागत नाही. २०१३ च्या मॅरेथॉन शर्यतीतील स्फोटांनंतर बंदोबस्त फार कडक झाला आहे: पाठीवरच्या पिशव्या, मद्य, काचेच्या बाटल्या यांना मनाई असते, प्रत्येकाची झडती होते, आणि सामान पारदर्शक पिशवीतच आणावे असाही हुकूम असतो. नियम दर साली थोडेबहुत बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या सालचे जाहीर पत्रक वाचून घ्यावे. खाद्यपदार्थांना सहसा आडकाठी नसते. पोळीभाजीची गुंडाळी आणि तिखटमीठाच्या पुऱ्या या सुरक्षारक्षकांच्या तपासणीतून बिनबोभाट पार पडतात.

त्या दिवशी या भूमीवर पाऊल ठेवताना एक उपरोध ध्यानात यावा. नदीकाठचे हे उद्यान हेलन स्टॉरो या विधवा बाईने पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या दहा लक्ष डॉलरांतून विस्तारले, आणि त्यातून मोटारींचा रस्ता काढण्यास तिचा सक्त विरोध होता. ती वारल्यावर १९५१ साली तो रस्ता झालाच, आणि वरकडी म्हणून त्याला नाव दिले स्टॉरोंचेच. चार जुलैला मात्र तो रहदारीस बंद असतो. जेथे एरवी मोटारी एकापाठोपाठ एक धावतात तेथे माणसे सतरंज्या काखेत मारून चालत असतात, आणि बाईंची इच्छा वर्षातून एका दिवसापुरती का होईना, पुरी होते.

रांगेत बसण्याचा ज्यांचा बेत नाही त्यांनी सकाळ वाया दवडू नये. जुन्या राज्यभवनाच्या सज्जावरून त्या दिवशी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचला जातो, आणि रस्त्यात उभे राहून तो ऐकणाऱ्यांनी जरा मान वर करावी: इमारतीच्या माथ्यावर ब्रिटिश राजचिन्हातील सिंह आणि एकशिंगी घोडा उभे आहेत. १८ जुलै १७७६ रोजी याच सज्जावरून जाहीरनामा प्रथम वाचला गेला त्या दिवशी जमावाने मूळची चिन्हे खाली ओढून त्यांची होळी केली होती. आताची आहेत ती पुढे नव्याने बसविलेली. राजाविरुद्धचे आरोपपत्र राजाच्याच बिरुदांखाली उभे राहून वाचण्याचा हा थाट मला फार आवडतो. त्याखेरीज १७९७ साली पाण्यात उतरलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही युद्धनौका बहुतेक वर्षी या दिवशी बंदरात फेरी मारून तोफांची सलामी देते. किनाऱ्यावरून तीही पाहता येते.

सायंकाळी जागेवर जाताना वाटेत फीडलरचे मस्तक पाहण्यास विसरू नये. राल्फ हेल्मिक या शिल्पकाराने १९८४ साली ॲल्युमिनियमच्या चकत्या एकीवर एक रचून ते प्रचंड शिल्प घडविले आहे. दुरून ती मिशाळ मुद्रा स्पष्ट ओळखू येते आणि जवळ जावे तसतशी ती विस्कटत जाऊन हाती नुसत्या पत्र्याच्या कडा उरतात. सूर्यास्त साडेआठाच्या जरा आधी होतो. ‘१८१२’च्या शेवटी संचालकाचा इशारा होतो तेव्हा राज्याच्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या हॉवित्झर तोफा धडाडतात, चायकोव्हस्कीने सोळा बार लिहून ठेवले आहेत, आणि ते नेमक्या मात्रेवर पडावे म्हणून गोलंदाजांनाही वादकाइतकेच सावध राहावे लागते. त्याच वेळी बीकन हिलवरील ‘चर्च ऑफ द ॲडव्हेंट’च्या घंटा वाजू लागतात. त्यानंतर दारूकाम; ते अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

येथे दिवाळी अंकाच्या वाचकास चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एवढा सरकारी दारूगोळा उडविणाऱ्या मॅसॅच्युसेट्स राज्यात खाजगी माणसाने साधी फुलबाजी पेटविणे हादेखील गुन्हा आहे, आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधून ती विकत आणणेही. नातवाला खूश करण्याच्या भरात कोणी आजोबांनी हे धाडस करू नये.

खरी परीक्षा होते ती परतीची. लाखो माणसे एकदम उठतात आणि जवळच्या चार्ल्स-एमजीएच स्थानकाच्या जिन्यावर मुंगीलाही वाट उरत नाही. त्या जिन्याच्या नादी न लागता बॉस्टन कॉमन ओलांडून पार्क स्ट्रीट गाठावे. पैलतीरी असाल तर केंडलऐवजी सेंट्रल स्क्वेअरपर्यंत पाय उचलावेत. पंधरा-वीस मिनिटांची ही पायपीट तासाभराचा खोळंबा वाचविते. मुक्कामासाठी बॅक बे भागातील खोल्यांचे भाव त्या आठवड्यात भडकलेले असतात. रेड लाइन या रेल्वेमार्गाच्या टोकाकडील क्विन्सी, ब्रेनट्री अगर एलवाइफ परिसरात उतरणे खिशास मानवते. खोली हिवाळ्यातच ठरवून टाकावी, आणि ती रद्द करण्याची सवलत आहे की नाही हे पाहून घ्यावे, कारण त्या प्रदेशातील जुलै वादळांचा असतो: २०१४ साली ‘आर्थर’ नामक चक्रीवादळाच्या भयाने अवघा कार्यक्रम एक दिवस आधी, ३ तारखेस उरकावा लागला. केवळ एका रात्रीपुरते जाणाऱ्यांचा तेव्हा हिरमोड झाला असेल. म्हणून दोन तारखेस पोहोचावे, पाच तारीख मोकळी ठेवावी, आणि परतीचे विमान सहा तारखेच्या आत घेऊ नये.