शुल्क, अनामत आणि सार्वजनिक उच्चार

सार्वजनिक कार्यक्रमाच्या परवान्यात ‘शुल्क’ आणि ‘अनामत’ या संज्ञा भिन्न अर्थाने येतात. शुल्क परत मिळत नाही. अनामत ही जागेची हानी न झाल्यास परत करावयाची रक्कम होय. तथापि ती आगाऊ भरावी लागत असल्याने लहान पथनाट्यमंडळींना परत मिळणारी अनामतही अडसर ठरू शकते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालील अहमदाबादेतील सभा-परवानगीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने हिमतलाल शाह खटल्यात १९७२ मध्ये रद्द ठरविला. कारण अधिकाऱ्याच्या मर्जीला निकषच नव्हता. अमेरिकेत फोरसाइथ काउंटी खटल्यात (१९९२) श्रोत्यांच्या संभाव्य रोषानुसार शुल्क वाढविणे अवैध मानले गेले. दोन्ही निर्णय एकत्र वाचता असे दिसते की, परवान्याच्या अटी जागेच्या वापराशी निगडित असाव्यात. उच्चाराच्या आशयाशी नव्हे.