राज्य गेले, हक्क उरले

१८८१ साली हवाई बेटांचा राजा कलाकौआ जगाच्या सफरीवर निघाला. गादीवर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. त्या प्रवासात तो कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आला. त्या काळी कलकत्ता-मुंबई गाडी जबलपूर, खंडवा, भुसावळ, चाळीसगाव अशीच येई. म्हणजे राजेसाहेबांनी खानदेश खिडकीतून पाहिला असणार, आणि भर उन्हाळ्याचे दिवस असल्याने त्याला शिव्याही दिल्या असणार. पुढे बाराच वर्षांनी, १७ जानेवारी १८९३ रोजी, त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या धाकात गादीवरून उतरवले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने घशात घातली.

दिवाळी अंकात हवाई कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे, की राज्य गेल्यावर लोकांकडे काय उरते हा प्रश्न त्या बेटांनी जगासमोर नीट मांडला. खानदेशाने तो कधी मांडलाच नाही. आपल्याकडे राज्ये हवाईपेक्षा जुनी होती, बंडे जास्त झाली, बोलणारी माणसे कितीतरी अधिक. तरी मराठी इतिहासात खानदेश म्हणजे दिल्लीहून दख्खनला जाणाऱ्या फौजांचा रस्ता. धुळे-जळगावच्या माणसाला स्वतःचा इतिहास विचारा. तो शिवकालापासून सुरू करतो आणि थेट १९४२ वर येतो. मधली शतके जणू कापसाच्या गाठीत बांधून मुंबईला रवाना झाली.

फारुकी घराण्याचा आढावा थोडक्यात उरकलेला बरा. मलिक राजाने फिरोजशाह तुघलकाकडून १३७० मध्ये थाळनेर मिळवले, १३८२ पासून तो स्वतंत्र झाला, मुलगा नासीरखान याने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवले. दुसऱ्या आदिलखानाच्या काळी राज्य भरभराटीला आले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्याने शाहजादा दानियालच्या नावावरून मुलखाचे नाव ‘दानदेश’ केले. हे नाव लोकांनी वापरले नाही, एवढीच त्यातली गंमत. सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या या घराण्याच्या कबरी शिरपूर तालुक्यात थाळनेरला तापीकाठी उभ्या आहेत. शाळांच्या सहली मात्र थाळनेरवरून पुढे निघून जातात. खानदेश या नावाच्या व्युत्पत्तीवर आजवर पुष्कळ शाई सांडली आहे. त्यात इथे भर नको.

खरा इतिहास गडावर नाही, घाटात आहे, हे प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे आणि त्यापायी परिसंवादांत थट्टाही सोसत आला आहे. ‘भिल्लांचे कसले आले राज्य?’ असा प्रश्न एका विद्वानांनी भर सभेत केला होता. उत्तर असे: सातपुडा आणि सातमाळा या दोन्ही रांगांत घाटांची रखवाली पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाईकांकडे होती. घाट राखायचा, वाटसरूला पलीकडे पोचवायचे, गावांकडून आणि तांड्यांकडून ठरलेला हक्क घ्यायचा. चोरी झालीच तर माग काढायचा किंवा भरपाई द्यायची. मैदानातल्या गावात जागल्या भिल्लच. कर घेणे, संरक्षण देणे आणि गुन्ह्याचा जाब देणे ही सत्तेची तीनही कामे जो करतो त्याला राज्यकर्ता म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? त्याच्याकडे छत्रचामर नव्हते, बखरकार नव्हता. एवढ्यावरून त्याला लुटारूंच्या यादीत टाकणे हे आळशी इतिहासलेखन होय.

हा बंदोबस्त मोडला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. होळकर-शिंद्यांच्या झगड्यात मुलूख उजाड झाला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, गावे ओस पडली. हक्क द्यायला कोणी उरले नाही तेव्हा नाईक डोंगरात शिरले आणि हक्क लुटीने वसूल करू लागले. पेशव्यांच्या अंमलदाराने यावर काढलेला उपाय फार थोड्या मराठी पुस्तकांत सापडतो: सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावी विश्वासाने बोलावले आणि त्यांची कत्तल करून प्रेते विहिरींत टाकली. पेशवाईवर प्रेम असणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाण्याचा परिपाठ ठेवला आहे. प्रेम जरूर करावे, पान उलटू नये.

१८१८ च्या फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपने थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिली. मुलूख कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या ताब्यात आला. इंग्रजांनी आधी पलटणी डोंगरात घातल्या. भिल्लांपेक्षा हिवतापानेच त्यांना जास्त पिटाळले. मग १८२५ मध्ये धोरण बदलले. नाईकांचे हक्क तनख्यांच्या रूपाने मान्य झाले, पडीक जमीन आणि तगाई देऊन माणसे खाली आणली गेली आणि लेफ्टनंट जेम्स औट्रम या विशीतल्या पोराने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. औट्रम आधी त्यांच्याशी लढला, मग निःशस्त्र त्यांच्या वस्त्यांत जाऊन बसला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या. या साहेबाचे कौतुक धरणगावला अजून ऐकू येते. तो गृहस्थ शूर होता, दिलदारही होता, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरले यात नवल नाही. पण त्याने काय साधले ते स्पष्ट म्हणावे: घाटाचा मालक त्याने घाटाचा शिपाई केला.

त्या शिपाईगिरीचा उपयोग कसा झाला हे १८५२ मध्ये दिसले. प्रस्तुत लेखकाचा जीव या प्रकरणात गुंतला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर. कॅप्टन विंगेट यांच्या पद्धतीची नवी जमीन मोजणी खानदेशात आली. साखळी शेतात पडली की सारा वाढणार, हा शेतकऱ्यांचा हिशेब सरळ होता. यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या आजच्या पट्ट्यात गावेच्या गावे उठली. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती हजारोंचे जमाव बसले. हाती हत्यार नाही, मागणी एकच, की मोजणी थांबवा. सावद्याला तर लोकांनी आपली पंचायत बसवून कारभारच हाती घेतला. दंग्याचे लोण एरंडोलपर्यंत गेले. १८५७ ला अजून पाच वर्षे होती, दख्खनच्या दंग्यांना वीसहून अधिक. शेवटी डिसेंबरात सरकारी फौज सावदा-फैजपुरावर चालून गेली आणि पुढारी पकडले गेले. त्या फौजेत मेजर मॉरिसच्या हाताखाली भिल्ल पलटण होती. डोंगरच्या हक्कदाराकडून मैदानच्या हक्कदाराला पकडवणे याहून चोख राज्यकारभार कोणता?

सुपे-अहमदनगरच्या १८७५ च्या दंग्यांवर प्रबंध लिहिले गेले, परीक्षेत प्रश्न येतात. सावद्याच्या पंचायतीवर एक ठळक पाटीही नाही. फैजपूरचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, राबणारे धनाजी नाना चौधरी. पण अधिवेशनाला फैजपूरच का मानवले, याचे निम्मे उत्तर चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या जमावात आहे, असे या लेखकाचे मत आहे. ते पटत नसलेल्यांनी निदान १८५२ ची कागदपत्रे वाचून भांडावे.

खाज्या नाईकाचे नाव आता पुतळ्यांमुळे परतले आहे, हे चांगले झाले. सेंधवा घाटाची रखवाली करणारा हा सरकारी चाकर. १८५७ मध्ये भीमा नाईकासह उठला, मुंबई-आग्रा रस्त्यावर सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. खाज्याचा मुलगा त्यात पडला आणि पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक भिल्लांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या, शेकडो बायका कैदेत गेल्या. पुढे खाज्या नाईक दग्याने मारला गेला. भाषणांत हे सगळे ‘देशासाठी बलिदान’ एवढ्यावर संपते. नाईक कोणत्या हक्कासाठी उठला, तो हक्क कोणी बुडवला, हे कोणी सांगत नाही. कारण सांगितले तर १८७८ च्या जंगल कायद्यापर्यंत आणि आजच्या वनहक्क दाव्यांच्या फायलींपर्यंत यावे लागते. २००६ च्या कायद्याखाली चोपडा, यावल, शिरपूरचे पावरा-भिल्ल जे कागद तहसीलीत घेऊन उभे असतात, ते त्याच जुन्या हक्काचे कागद आहेत.

पुढचा टप्पा सर्वांना पाठ आहे. १९०६ मध्ये जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने आणि ती उतरून घेणारे साने गुरुजी, नंदुरबारचा शिरीषकुमार, १४ एप्रिल १९४४ ची चिमठाण्याची खजिनालूट, १९६० मध्ये दोन्ही खानदेश जाऊन जळगाव आणि धुळे ही नावे, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा. त्या १९६० च्या फेरबदलानंतर ‘खानदेश’ हा शब्द सरकारी नकाशावर उरला नाही. तो उरला शेवभाजीच्या पाट्यांवर.

आता भाषा आणि सण. हवाईत १८९६ च्या कायद्याने शाळेतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. पाऊणशे वर्षांत ती मरणपंथाला लागली. मग लोक जागे झाले: १९७८ मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा, १९८४ पासून पालकांनीच चालवलेल्या बालशाळा, जिथे मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलायचेच नाही. मिशनऱ्यांनी निषिद्ध ठरवलेले हुला नृत्य तर कलाकौआने १८८३ मध्येच स्वतःच्या राज्याभिषेकात चव्हाट्यावर नाचवून परत आणले होते. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सत्तापालटाबद्दल रीतसर माफीचा ठराव केला. माफीने राज्य परत आले नाही, भाषा मात्र आली.

अहिराणीवर कोणी बंदी घातली नाही. ती आपणच शाळेच्या दाराबाहेर ठेवली, चपलेसारखी. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात बसवले नाही, भिल्ली भाषांबरोबरच्या खंडात वेगळी जागा दिली. आपले प्राध्यापक मात्र अजून तिला ‘अशुद्ध मराठी’ म्हणतात आणि त्याच तोंडाने बहिणाबाईंच्या गाण्यांना अहिराणी म्हणतात! आसोद्याच्या बहिणाबाईंची बोली लेवा पाटीदारांची, तावडी पट्ट्यातली. धुळे-साक्रीची अहिराणी वेगळी. बहिणाबाईंचे नाव जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये लागले. आता त्यांची बोली कोणती हेही तिथल्या प्रत्येक पदवीधराला ठाऊक असावे, ही अपेक्षा फार नव्हे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश रचला, बागलाणच्या डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवले. ही कामे माणसांनी एकेकट्याने ओढली, संस्थांनी नव्हे.

धुळ्याला संस्था नाहीत असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखितांसाठी वाग्देवता मंदिर उभारले. एकेकाळी या दोन्ही ठिकाणी गावोगावचे शिक्षक सुट्टीत बाडे नकलून घ्यायला येत. आता कोणी आलाच तर तो मोबाइलवर फोटो काढतो आणि निघून जातो. मोडी वाचणारे हात थरथरू लागले, त्यांच्या जागी नवे बसले नाहीत.

सणांची कथा थोडी बरी आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी अजून माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचे वर्ष याच दिवशी बदलते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरोघर रोट होतात, सोमवारी मिरवून तिला नदीवर नेतात. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली भाऊबंदकी रोटासाठी गावी येतेच. दिवाळी एकवेळ चुकेल. पण मिरवणुकीत वही गाणारी मंडळी मागे ढकलली गेली आणि पुढे डीजेचा टेम्पो आला. वहीत देवीची सगळी कथा असते, आणि ती अहिराणीत असते. टेम्पोत काय असते ते सांगायला नको. सातपुड्यातला होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तर शहरी छायाचित्रकारांनीच काबीज केला आहे. ढोल वाजवणाऱ्यापेक्षा कॅमेरावाले जास्त.

स्वतंत्र खानदेश राज्याच्या मागण्या अधूनमधून उठतात, निवडणूक झाली की निजतात. प्रस्तुत लेखकाला त्यात कधी रस वाटला नाही. राजधानी धुळे की जळगाव, या वादातच ते राज्य बुडेल. हवाईचे लोक १८९७ मध्ये गावोगाव फिरले आणि विलीनीकरणाविरुद्ध २१ हजारांवर सह्या जमवून वॉशिंग्टनला घेऊन गेले. त्या सह्यांचे कागद आज त्यांची नातवंडे आपल्या आजीचे नाव शोधत वाचतात. आपल्याकडे असा कागद जनगणनेच्या वेळी दारात येतो आणि आपण तो चुकीचा भरतो. २००१ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे २० लाख ७५ हजार होते; २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाख माणसे कमी झाली. ती काही तापीत वाहून गेली नाहीत. त्यांनी मातृभाषा मराठी सांगितली, आणि गणनेला आलेल्या गुरुजींनी, जे स्वतः घरी ‘कथा चालना भो?’ असेच बोलतात, ती निमूट लिहून घेतली.

येत्या जनगणनेत गुरुजी दारात आले की मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी लिहायला सांगा, आणि लिहिले की नाही ते वाकून पाहा.